गाडीचा मीटर बिघडलाय? नवा घेण्याआधी हे तपासा

सगळी मुंबई गणपती बघायला लालबागला येते, तेव्हा आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं लालबाग सोडून कोकणात जातात. २०२५ सालीही आमचा बेत ठरलेला होता. २७ ऑगस्टला चतुर्थी, २५ ला पहाटे निघायचं, मागच्या सीटवर आई आणि डिकीत मखराचं सामान. २३ तारखेला, शनिवारी, टायरमध्ये हवा भरून आणू म्हणून गाडी काढली. पाऊस होता, काचेवर वाफ धरली, म्हणून ब्लोअर फुल केला. त्याबरोबर मीटरचे सगळे काटे एकदम शून्यावर बसले. पाठोपाठ एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, झाडून सगळ्या लाइटी लागल्या. इंजिन मात्र नेहमीसारखं चालू होतं. ब्लोअर बंद केला, तर काटे परत जागेवर आले.

गाडी २०१४ ची, सेकंड हँड घेतलेली. तशीच सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने चावी ऑन केली, लाइटी बघितल्या, स्कॅनर लावला आणि एस्टिमेट हातात दिलं. मीटर असेंब्ली बदलावी लागेल, अठरा हजार चारशे अधिक लेबर, पार्ट यायला आठ-दहा दिवस.

शेवटी काम सातशे रुपयांत झालं आणि मीटरला कोणी हातसुद्धा लावला नाही. ते कसं झालं, आणि तुमच्या गाडीत असं काही झालं तर कोणत्या क्रमाने काय बघायचं, ते इथे लिहून ठेवतोय. मला यातून समजलेली गोष्ट एवढीच की मीटर हा निरोप्या आहे. निरोप चुकला म्हणून आधी निरोप्याला बदलायचं नसतं. निरोप कुठे अडकला ते बघायचं असतं.

मीटर म्हणजे नेमकं काय?

स्टिअरिंगच्या मागे जे वेगाचे, आरपीएमचे, पेट्रोलचे, तापमानाचे काटे आणि रंगीत लाइटी असतात, त्या सगळ्याला मिळून इंग्रजीत इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला सरळ मीटर किंवा मीटर असेंब्ली म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

जुन्या गाड्यांत हा प्रकार साधा होता. जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने १९०२ साली पेटंट घेतलेला स्पीडोमीटर पुढे जवळजवळ शंभर वर्षं चालला. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल येते, ती फिरली की मीटरमधलं चुंबक फिरतं, चुंबकामुळे शेजारची अ‍ॅल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि वाटीला जोडलेला काटा हलतो. माझे काका गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी चालवायला लागले. त्यांच्या पद्मिनीचा काटा थरथरायला लागला की ते केबल काढायचे, पुसायचे, ग्रीस लावायचे आणि परत घालायचे. अर्ध्या तासाचं काम. ती पद्मिनीही आता रस्त्यावर नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही निघाली.

आजच्या गाडीत मीटर हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे. आत एक सर्किट बोर्ड, त्यावर प्रोसेसर, किलोमीटर साठवणारी मेमरी चिप, प्रत्येक काट्यामागे एक छोटी स्टेपर मोटर, एलईडी आणि एक डिस्प्ले. याला गाडीतली माहिती दोन वाटांनी मिळते.

पहिली वाट म्हणजे थेट वायर. टाकीतल्या फ्लोटची किंवा हँडब्रेकच्या स्विचची वायर बऱ्याच गाड्यांत सरळ मीटरला येते.

दुसरी वाट म्हणजे कॅन बस. बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ते डेट्रॉइटला जगासमोर मांडलं. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यांच्यावर इंजिनचा ईसीयू, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, मीटर असे सगळे कॉम्प्युटर एकाच चाळीतल्या सामाईक गॅलरीसारखे जोडलेले. इंजिन गॅलरीत ओरडून सांगतं की पाणी ८८ डिग्रीवर आहे, मीटर ते ऐकतो आणि काटा तिथे नेतो. एबीएसचा आवाज काही वेळ आलाच नाही, तर मीटर एबीएसची लाइट लावून मोकळा होतो.

म्हणजे मीटर नीट चालायला चार गोष्टी लागतात. सतत मिळणारी आणि चावी ऑन केल्यावर मिळणारी वीज, चांगलं अर्थिंग, कॅनवरून येणारी माहिती, आणि स्वतः मीटरची तब्येत. यातली चौथी गोष्ट बिघडलीय असं म्हणण्याआधी पहिल्या तीन तपासायला हव्यात, कारण त्या तपासायला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

आधी ठरवा, गाडी पुढे न्यायची की नाही

दोष शोधणं नंतर. मीटर रस्त्यात बिघडला तर पहिला प्रश्न हा.

लाइटींच्या रंगांचा नियम जगभर साधारण एकच आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळी म्हणजे लवकर दाखवा, हिरवी किंवा निळी म्हणजे काहीतरी चालू आहे एवढीच माहिती. चित्रंही आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आयएसओ २५७५ प्रमाणे, ठरलेली असतात. म्हणून कुठल्याही कंपनीच्या गाडीत तेलाचा डबा म्हणजे ऑइल प्रेशरच.

लाल ऑइलची लाइट चालत्या इंजिनवर लागली तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मीटर खराब असेल असं मानून पुढे जाऊ नका. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं आणि मग मीटरचा खर्च किरकोळ वाटेल. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी हेच. बॅटरीची लाल लाइट लागली तर चार्जिंग होत नाहीय. अशी गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत जाईलही, पण रात्री घाटात नाही. ब्रेकची लाल लाइट हँडब्रेक सोडूनही राहिली तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. पेडल खोल जात असेल तर गाडी हलवूच नका.

आणि मीटर पूर्ण मेला तर? तेव्हा धोका जास्त, कारण लाल लाइट लागायला हवी होती तरी ती लागणार नाही. इंजिन चांगलं चालतंय, आवाज बरोबर आहे, म्हणून शहरात गॅरेजपर्यंत सावकाश नेणं वेगळं आणि साडेचारशे किलोमीटर गावाला जाणं वेगळं. मोबाइलवरच्या जीपीएसने वेग कळतो, ऑइल प्रेशर कळत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११७ प्रमाणे गाडीला चालू स्पीडोमीटर असावाच लागतो.

एक सवय आजपासून लावून घ्या. चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. सगळ्या इशाऱ्याच्या लाइटी लागायला हव्यात. काही सेकंदांनी बऱ्याचशा विझतात. ऑइल आणि बॅटरीची लाइट इंजिन चालू होईपर्यंत राहते. जी लाइट या वेळी लागलीच नाही, ती संकटातही लागणार नाही. सेकंड हँड गाडी घेताना तर हे बघाच. चेक इंजिन किंवा एअरबॅगची लाइट मुद्दाम बंद करून गाडी विकणारे असतात.

लक्षणावरून दोष ओळखा

• एकच काटा चुकतोय, बाकी सगळं ठीक: दोष बहुतेक त्या काट्याच्या सेन्सरमध्ये किंवा वायरीत. पेट्रोलचा काटा उड्या मारत असेल तर टाकीतल्या फ्लोटची पट्टी झिजलेली असते.

• वेगाचा काटा बंद आणि सोबत एबीएसची लाइट: चाकाजवळचा स्पीड सेन्सर बघा. तिथे चिखल आणि पाणी सगळ्यात आधी पोचतं.

• सेल्फ मारताना सगळं लुकलुकतं, घड्याळ शून्यावर येतं: बॅटरी किंवा तिचे टर्मिनल.

• ब्लोअर, हेडलाइट किंवा मागच्या काचेचा हीटर लावला की काटे पडतात: अर्थिंग. माझ्या गाडीचं हेच होतं.

• खड्ड्यात गेलं की बंद, डॅशबोर्डवर थाप मारली की चालू: कनेक्टर ढिला, किंवा मीटरच्या बोर्डावरचा डाग, म्हणजे सोल्डर, तडकलेला.

• लाइटी आणि डिस्प्ले ठीक, पण काटा अडकतो किंवा भलत्याच जागी थांबतो: स्टेपर मोटर. जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६ च्या अमेरिकी ट्रक आणि एसयूव्ही यासाठी इतक्या बदनाम झाल्या की नुसत्या मोटरी बदलायची किट बाजारात आली.

• डिस्प्लेमधल्या रेघा गायब, आकडे अर्धे: डिस्प्लेची पट्टी सुटलेली. हा खरोखर मीटरचा दोष.

• रात्री मीटर पूर्ण काळा, दिवसा ठीक: आधी प्रकाश कमी-जास्त करायचं चाक किंवा बटण बघा. गाडी धुताना कोणाचा तरी हात लागलेला असतो. हसू नका, याच्यासाठी लोक गॅरेजला गेलेत.

स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा तीन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर तो दोष नाही. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तरी चालेल, असं नियमातच धरलेलं असतं. कमी दाखवत असेल तर मात्र टायरचा साइज कोणी बदललाय का ते बघा.

घरच्या घरी तपासणी

एक साधा मल्टिमीटर लागेल. लॅमिंग्टन रोडवर काही शेकड्यांत मिळतो. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पाया आहे.

१. बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवा. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा स्वतः कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे थोडा फरक चालतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करा. मीटरचे अनेक भुताटकी प्रकार इथेच संपतात.

२. फ्यूज. गाडीच्या पुस्तकात मीटरचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं, आणि तो एकच असतो असं नाही. नुसत्या डोळ्यांनी बघू नका, मल्टिमीटरने बघा. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा लावा. परत उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे मोठा फ्यूज लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

३. अर्थिंग. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लांब वायर जोडून. लाल टोक केबिनमधल्या अर्थिंगच्या वायरीच्या लगला, म्हणजे बोल्टखालच्या कडीला. ही जागा बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांच्या आतल्या बाजूला, पायाशी असलेल्या प्लास्टिकच्या मागे असते. आता इंजिन चालू करा, ब्लोअर फुल करा, हेडलाइट लावा. आकडा जवळजवळ शून्य हवा. ०.१ ठीक, ०.२ च्या वर गेला तर त्या जागेवर संशय घ्या.

नुसत्या ओहमने अर्थिंग तपासू नका. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी ओहममध्ये ती चांगलीच दिसते. करंट ओढला की तिचं खरं रूप कळतं.

४. कनेक्टर. मीटर बाहेर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर आणि वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावू नका, एअरबॅग फुटू शकते. मीटरच्या मागचा कनेक्टर काढा, पिना हिरव्या पडल्यात का, मागे सरकल्यात का ते बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि परत घट्ट बसवा.

५. स्कॅनर. भारतात २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर मोबाइलला जोडला तरी इंजिनची चालू माहिती दिसते. इथे एकच सोपी परीक्षा आहे. इंजिनचं तापमान स्कॅनरवर ८८ दिसतंय आणि काटा थंडवर पडलाय, तर सेन्सर ठीक आहे, दोष मीटरमध्ये किंवा मीटरपर्यंतच्या वाटेत. स्कॅनरवरही चुकीचंच दिसत असेल तर मीटर बिचारा खरं बोलतोय, सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

यू अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे कॅनवरचा संवाद तुटल्याची नोंद. यू ०१५५ हा कोड म्हणजे मीटरशी संपर्क तुटला. नीट वाचा, संपर्क तुटला. मीटर मेला असं कोडने कुठेही म्हटलेलं नाही. फोन लागत नाही म्हणून माणूस गेला असं आपण धरत नाही ना, तसंच.

६. कॅनच्या वायरी. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका बाजूची वाट तुटलीय, शून्याच्या जवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही नव्या गाड्यांत मधे गेटवे असतो, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो.

७. मीटरची स्वतःची चाचणी. बऱ्याच गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून ठेवून चावी ऑन केली की सगळे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात आणि डिस्प्लेचे सगळे ठिपके उजळतात. काटे गुळगुळीत फिरले तर मोटरी चांगल्या आहेत. इतकं सगळं करूनही दोष राहिला, तर आता मीटर उघडायला हरकत नाही.

माझ्या गाडीत काय निघालं

सर्व्हिस सेंटरमधून परत आलो ते चिडूनच. पैसे तर होतेच, पण पार्ट येईपर्यंत गणपती विसर्जनाला निघाले असते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. रविवारी सकाळी त्यांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारले. ब्लोअर एकवर ठेवला तर होतं का? आणि १८-१९ तारखेच्या पावसात गाडी कुठे होती?

एकवर होत नव्हतं. आणि त्या दोन दिवसांच्या पावसात गाडी गल्लीतच होती, पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी आत डोकावून बघितलं होतं, सीट कोरड्या होत्या, म्हणून विषय सोडून दिला होता. काकांनी डाव्या बाजूचं कार्पेट उचललं. खालचा फोम ओल्या पोळीच्या कणकेसारखा जड झाला होता. पायाजवळचं प्लास्टिक काढलं, तर आत अर्थिंगचा बोल्ट गंजून तांबडा-हिरवा. त्या एका बोल्टवर ब्लोअरचं आणि मीटरचं अर्थिंग एकत्र होतं.

ब्लोअर फुल करून मोजलं तर जिथे शून्य हवं तिथे जवळजवळ ५ व्होल्ट. गणित सरळ आहे. गंजामुळे साधारण अर्ध्या ओहमचा अडथळा आणि दहा अँपिअर करंट, म्हणजे ५ व्होल्ट तिथेच जिरले. चौदापैकी नऊच मीटरच्या वाट्याला आले. एवढ्यात त्याचा प्रोसेसर बंद पडून परत सुरू होतो आणि कॅनवरचे निरोपही त्याला नीट ऐकू येत नाहीत. मग ज्याचा आवाज येत नाही त्याची लाइट तो लावतो. एबीएस चांगला, एअरबॅग चांगली, मीटरही चांगला. सगळ्यांचा पाय एकाच गंजलेल्या बोल्टवर. ब्लोअर गेले दोन दिवस मरगळलेला होता, ती खूण मी बघितलीच नव्हती.

त्यांनी बोल्ट काढला, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवा लग लावला, आवळून वर ग्रीस लावलं. परत मोजलं, ०.०४. कोड पुसले. सातशे रुपये.

मी म्हटलं, चला, उद्या पहाटे निघतो. ते म्हणाले, अजिबात नाही, कार्पेटखाली पाणी आहे, आणखी कुठल्या कनेक्टरमध्ये शिरलंय ते दोन दिवसांनी कळेल. आईला रस्त्यात अडकवायचंय का? ऐकलं. चाळीतल्या लोकांच्या ग्रुप बुकिंगच्या एसटीत आईला एक जागा मिळाली, तिला २५ ला पाठवलं. मी सीट काढून कार्पेट वाळवलं, गाडी दोन दिवस शहरात फिरवली आणि २६ ला पहाटे एकटा निघालो. रात्री घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर मखर लावून बसली होती. वाटेत काटा एकदाही हलला नाही.

मीटरच खराब असेल तर

असंही होतं. माझ्या मित्राच्या गाडीचे डिस्प्लेमधले आकडे अर्धे गेले होते, तिथे वरच्या सगळ्या पायऱ्या ठीक निघाल्या. मग तीन मार्ग असतात.

दुरुस्ती: तडकलेले डाग परत देणं, स्टेपर मोटर बदलणं, डिस्प्लेची पट्टी चिकटवणं ही कामं करणारे कारागीर मुंबईत आहेत. खर्च नव्यापेक्षा खूप कमी, आणि महत्त्वाचं म्हणजे तुमची मेमरी चिप तीच राहते, त्यामुळे किलोमीटर आणि चावीची माहिती जशीच्या तशी. मित्राने हेच केलं.

नवा मीटर: कंपनीकडून घेतलात तर तो गाडीला कोडिंग करून द्यावा लागतो. काही गाड्यांत चोरीविरोधी इमोबिलायझरची माहिती मीटरमध्येच असते. तिथे नुसता मीटर बदलला तर गाडी सुरूच होत नाही.

जुना मीटर: ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या पार्टच्या बाजारात तुमच्या मॉडेलचा मिळूनही जाईल. पण त्याच्या मेमरीत दुसऱ्या गाडीचे किलोमीटर असतात. पार्ट नंबर, पेट्रोल की डिझेल, मॉडेलचं वर्ष, सगळं जुळायला हवं.

मीटर कोणताही बदला, जुन्या मीटरचा आकडा दिसतोय तोवर मोबाइलवर फोटो काढा आणि बिलावर जुने व नवे किलोमीटर लिहून घ्या. उद्या गाडी विकताना हा कागद तुमची बाजू आहे. किलोमीटर कमी करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अनेक गाड्यांत तो आकडा दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठतो, सर्व्हिसच्या नोंदीत तर असतोच. आणि खोटा आकडा दाखवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे.

पैसे देण्याआधी रिकॉल, वॉरंटी आणि विमा बघा

कधी कधी दोष खरोखर मीटरचा असतो आणि तो तुमच्या एकट्याच्या गाडीत नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने ग्रँड व्हिटाराच्या ३९,५०६ गाड्या परत बोलावल्या. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या या गाड्यांपैकी काहींच्या स्पीडोमीटर असेंब्लीत इंधनाचा काटा आणि त्याची इशारा लाइट खरी स्थिती दाखवत नसण्याची शक्यता होती. असा पार्ट कंपनी फुकट बदलून देते. म्हणून खर्च करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का ते बघा. वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तर मीटर स्वतः उघडू नका, सील तुटलं की दावा गेला.

विम्यात फरक समजून घ्या. गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान त्यात येतं, पण आपोआप झालेला विजेचा किंवा यांत्रिक बिघाड येत नाही. नुसता थर्ड पार्टी असेल तर दोन्ही नाही. म्हणून पाणी शिरलं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. मी हे केलं नव्हतं.

आपल्या भागातले तीन शत्रू

पाणी. हिंदमाता, परळ, लालबागच्या खोलगट गल्ल्या, इथे पाणी भरणं नवीन नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. पाणी ओसरल्यावर सीट कोरडी दिसली तरी कार्पेटखाली हात घालून बघा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली तरी पाणी आत येतं, ती साफ ठेवा.

उंदीर. रस्त्यावर उभ्या गाडीत ते बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. अचानक चार-पाच लाइटी लागल्या तर आधी बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा. गाडीत खाऊचे पुडे, चिवडा ठेवू नका.

उभी गाडी. गणपतीत रस्ते बंद, गाडी दहा-बारा दिवस हलत नाही. बंद गाडीही घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटरसाठी थोडी वीज ओढत असते. निरोगी गाडीत हा आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. बॅटरी जुनी असेल तर तेवढ्यानेही ती उतरते, आणि मग चावी फिरवल्यावर मीटर नाचतो. त्यामुळे दर चार दिवसांनी अर्धा तास गाडी चालवा, नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवा.

गॅरेजमध्ये विचारायचे चार प्रश्न

१. बॅटरीचे आणि अर्थिंगचे आकडे किती आले?
२. कोड कोणते आले, ते मला लिहून द्याल का?
३. स्कॅनरवरची माहिती आणि काटा जुळतोय का?
४. नवा मीटर लावूनही दोष राहिला तर पैसे कोणाचे?

चौथ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर अजून नीट तपासणी झालेली नाही असं समजा. मी शनिवारी हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर रविवारची सकाळ वाचली असती.